‘फिक्स टायपोज’: एका पुल रिक्वेस्टचा रिव्ह्यू

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आमच्या प्रकल्पाकडे एक पुल रिक्वेस्ट आली, म्हणजे आमच्या फायलींतले बदल स्वीकारा अशी विनंती. शीर्षक एवढंच: ‘फिक्स टायपोज’, म्हणजे टायपिंगच्या चुकांची दुरुस्ती. वर्णनाची जागा कोरी. आत एकच कमिट (बदलांचा एक गठ्ठा), तीसहून जास्त फायली आणि शेकडो ओळी लाल-हिरव्या (जुन्या लाल, नव्या हिरव्या). पाठवणारा पुण्यातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. आमच्याकडे त्याचं हे पहिलंच काम.

प्रकल्प छोटा आहे. गृहनिर्माण संस्थांचे हिशेब ठेवण्यासाठी मुक्त सॉफ्टवेअर: देखभालीची बिलं, थकबाकी, सभेच्या नोटिसा, वर्षअखेरीचा ताळेबंद. कोथरूड, कर्वेनगर आणि सिंहगड रोडच्या बाजूला काही सोसायट्यांचे खजिनदार ते वापरतात. मूळ मॅन्युअल इंग्रजीत आहे आणि त्याची मराठी व हिंदी भाषांतरं आहेत. शिवाय ‘खजिनदारासाठी’ नावाची एक पुस्तिका थेट मराठीत लिहिलेली आहे. कोड सांभाळणाऱ्या ताई दिवसा हिंजवडीत नोकरी करतात. पुस्तिका लिहिणारे काका निवृत्त मुद्रितशोधक आहेत, उमेदीची वर्षं अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या छापखान्यांमध्ये प्रुफं वाचण्यात गेली. इंग्रजी डॉक्युमेंटेशन माझ्याकडे असतं, म्हणून हा रिव्ह्यूही माझ्याकडे आला.

ऑक्टोबर हा तपशील इथे बिनमहत्त्वाचा नाही. डिजिटलओशन या कंपनीने २०१४ मध्ये हॅक्टोबरफेस्ट सुरू केला: महिनाभरात ठरावीक पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा. २०२० मध्ये त्याचा अतिरेक झाला. रीडमी या प्रकल्पाच्या माहिती-फाइलमध्ये एखादं विशेषण घुसडायचं, एखादा स्वल्पविराम हलवायचा, असल्या रिक्वेस्टींचा लोंढा आला. महिना सुरू होऊन दोन-तीन दिवस होतात तोच आयोजकांना नियम बदलावा लागला, की जे प्रकल्प स्वतःहून सहभाग जाहीर करतील तिथल्याच रिक्वेस्टी मोजायच्या. पुढे २०२३ मध्ये टी-शर्ट बंद करून डिजिटल बॅज दिले गेले. तरी ऑक्टोबरात ‘टायपो’ हा शब्द दिसला की मेंटेनरच्या, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या, कपाळाला आठी पडतेच. ताईंची पहिली प्रतिक्रिया ‘बंद करून टाक’ अशीच होती.

मी चार-पाच फायली मधूनच उघडून पाहिल्या. बदल खरे होते. बॅकअपच्या प्रकरणात एक शब्द लागोपाठ दोनदा पडला होता, तो आमच्यापैकी कोणालाही कधी दिसला नव्हता. नोंदणीच्या पानावर एका क्रियापदाचं वचन चुकलं होतं. विशेषणं घुसडणाऱ्या माणसाला असलं काही दिसत नाही, कारण तो वाचतच नाही. म्हणजे रिक्वेस्ट बंद करणं अन्यायाचं झालं असतं. दुसऱ्या टोकाचा मोहही तितकाच मोठा होता: शुद्धलेखनच तर आहे, करा मर्ज, म्हणजे मूळ प्रतीत सामील. तसं केलं असतं तर काय काय मोडलं असतं, त्याचीच ही हकिगत आहे.

वाचायच्या आधी विचारलं

डिफ, म्हणजे बदललेल्या जुन्या-नव्या ओळींची यादी, पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला नाही. आधी त्या मुलाला एकच प्रश्न लिहिला: हे बदल नेमके कसे केले?

उत्तर मोकळेपणाने आलं. “काही कोडस्पेलने काढले. इंग्रजी पानं ऑनलाइन ग्रामर चेकरमध्ये टाकली. मराठी शब्द फाइंड-रिप्लेसने बदलले. पुस्तिका मात्र मी स्वतः पूर्ण वाचली.”

सगळ्या रिव्ह्यूत मला सर्वांत जास्त उपयोग या चार वाक्यांचा झाला. कारण प्रत्येक पद्धतीच्या चुका वेगळ्या असतात, आणि त्या कुठे सापडतील याचा अंदाज पद्धतीवरूनच येतो. कोडस्पेल या साधनाकडे नेहमी होणाऱ्या स्पेलिंग-चुकांची यादी असते आणि ते तेवढंच शोधतं. पूर्ण शब्दकोश नसल्यामुळे आडनावं, गावांची नावं यांच्या वाटेला ते सहसा जात नाही. एका चुकीच्या दोन दुरुस्त्या शक्य असतील तर ते आपल्या मनाने बदल करत नाही, माणसापुढे पर्याय ठेवतं. ग्रामर चेकर याच्या उलट: त्याला वाक्य ‘छान’ करायचं असतं आणि संदर्भ ठाऊक नसतो. फाइंड-रिप्लेसला तर भाषाच कळत नाही. आणि माणसाने वाचून केलेल्या बदलात अर्थ सांभाळलेला असतो, पण आवड-निवड शिरलेली असते.

मग मी कोडस्पेल आमच्या मूळ प्रतीवर चालवलं आणि त्याचा निकाल रिक्वेस्टशी ताडून पाहिला. जे बदल जुळले ते डोळ्यांनी वाचायच्या यादीतून वगळले. त्यातही एक अट घातली, की बदल साध्या मजकुरातला हवा. कमांड, फाइलचं नाव, स्तंभाचं शीर्षक किंवा प्रोग्रामने छापलेली ओळ यांना हात लागला असेल तर तो वगळायचा नाही. ढीग एकदम हलका झाला.

ग्रामर चेकरचा हिस्सा मला सर्वांत त्रासाचा वाटला. त्याने कमांडमधल्या दोन जोडरेघांची एक लांब रेघ केली होती आणि सरळ अवतरणचिन्हं वळणदार केली होती. पानावर ते देखणं दिसतं. खजिनदाराने ती कमांड उचलून टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चिकटवली की प्रोग्राम म्हणतो, असा पर्यायच नाही. असे बदल एकेक पाहण्यात अर्थ नव्हता. ‘कोड-ब्लॉकच्या आतलं सगळं मूळ स्थितीत आण’ एवढं सांगून तो भाग संपवला.

चूक जी सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे

जमा रकमांची फाइल आयात करताना पहिल्या ओळीत स्तंभांची नावं लागतात. त्यातल्या ‘रिसीव्ह्ड’ या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमध्ये ‘ई’ आणि ‘आय’ उलटे पडले आहेत, अगदी पहिल्या आवृत्तीपासून. मॅन्युअलमध्येही नाव तसंच आहे, कारण प्रोग्राम तेच नाव ओळखतो. विद्यार्थ्याने मॅन्युअलमधलं स्पेलिंग बरोबर केलं. म्हणजे मॅन्युअल वाचून नवी फाइल करणाऱ्या खजिनदाराची आयात हमखास फसली असती, आणि चूक शोधायला तो मॅन्युअलच उघडणार, जिथे सगळं शुद्ध लिहिलेलं!

याचाच जुळा भाऊ म्हणजे आयात झाल्यावर पडद्यावर येणारी ओळ. तिच्यात ‘सक्सेसफुली’मधला एक ‘सी’ गळलेला आहे. एका हिशेबनिसाच्या कार्यालयात रात्री आपोआप चालणारी एक स्क्रिप्ट आहे, ती हीच ओळ शोधते आणि सापडली नाही तर सकाळी धोक्याचा ईमेल पाठवते. हे ताईंना माहीत होतं, मला नव्हतं.

असलं काही घडणारे आम्ही पहिले नाही. वेबपानावर कुठून आलात हे सांगणारा एचटीटीपी या वेबच्या संवाद-नियमांतला ‘रेफरर’ हा हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) १९९६ च्या आरएफसी १९४५ या तांत्रिक दस्तऐवजात एक ‘आर’ कमी असलेल्या स्पेलिंगने नोंदला गेला, आणि आजही प्रत्येक ब्राउझर तसाच पाठवतो. नंतर आलेल्या ‘रेफरर-पॉलिसी’ या हेडरचं स्पेलिंग मात्र बरोबर आहे. दोघं शेजारी शेजारी नांदतात. युनिक्स या कार्यप्रणालीतल्या ‘क्रिएट’ या सिस्टम कॉलच्या (प्रोग्रामने प्रणालीला द्यायच्या आज्ञेच्या) शेवटचा ‘ई’ही असाच कायमचा गेलेला आहे.

ताईंचा निर्णय असा: स्तंभाचं नाव वाचताना प्रोग्राम दोन्ही स्पेलिंगं स्वीकारेल, पण निर्यात करताना पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत जुनंच लिहील. मॅन्युअलमध्ये जुनं नाव राहील आणि त्याखाली एक ओळ येईल, ‘स्पेलिंग जाणूनबुजून असं ठेवलं आहे’. ही ओळ वाचकापेक्षा पुढच्या दुरुस्ती करणाऱ्यासाठी आहे. शिवाय हे शब्द कोडस्पेलच्या दुर्लक्ष-यादीत टाकले, म्हणजे दर ऑक्टोबरला तोच खेळ नको. पडद्यावरच्या ओळीला सध्या हात लावायचा नाही असं ठरलं. मला हे फार पटलेलं नाही. एका कार्यालयाच्या स्क्रिप्टसाठी सगळ्यांना चुकीचं स्पेलिंग का दाखवायचं? पण कोड ताईंचा, आणि पहाटे फोन आला तर उचलणाऱ्याही त्याच.

शीर्षकांचं थोडक्यात: आमची डॉक्स, म्हणजे डॉक्युमेंटेशनची पानं, स्फिंक्स या साधनावर बनतात, आणि इंग्रजी शीर्षकाच्या शब्दांवरूनच पानातल्या त्या जागेचा पत्ता तयार होतो. शीर्षकातलं एक अक्षर बदललं की पत्ता बदलतो. प्रोग्राममधलं ‘मदत’ बटण आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारे दुवे जुन्याच पत्त्यावर जातात. शीर्षक दुरुस्त करायचं आणि त्याच्या वर जुन्या नावाची खूण लिहून ठेवायची, म्हणजे दोन्ही पत्ते चालतात. चार-पाच ठिकाणी हे करावं लागलं.

इंग्रजीतला स्वल्पविराम, मराठीतलं भगदाड

आता सर्वांत फसवा प्रकार. इंग्रजी मॅन्युअलमधल्या पन्नासेक परिच्छेदांत एखादं अक्षर, एखादा स्वल्पविराम, एखादं ‘द’ एवढेच बदल होते. सगळे योग्य. इंग्रजीपुरतं पाहिलं तर एका बैठकीत मर्ज करावेत असे.

पण आमची भाषांतरं गेटटेक्स्ट पद्धतीने होतात. तिच्यातल्या पीओ नावाच्या भाषांतर-फाइलमध्ये मूळ इंग्रजी परिच्छेद आणि त्याखाली मराठी परिच्छेद अशी जोडी असते, आणि त्या जोडीची ओळख म्हणजे तो इंग्रजी मजकूरच. मजकुरात एक अक्षर बदललं की जुनी जोडी तुटते. अद्ययावत करणारं साधन जवळचं साम्य पाहून मराठी परिच्छेद नव्या इंग्रजीला जोडून देतं खरं, पण त्यावर ‘फझी’ असा शिक्का मारतं: माणसाने तपासेपर्यंत भरवसा नाही. आणि फझी परिच्छेद स्फिंक्स मुळात धरतच नाही, तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नाही तर. त्या जागी इंग्रजी येतं.

म्हणजे इंग्रजीतले पन्नास स्वल्पविराम सुधारले असते तर मराठी आणि हिंदी मॅन्युअलमध्ये मधेमधे पन्नास परिच्छेद इंग्रजीत उमटले असते. सदाशिव पेठेतल्या सत्तरीच्या खजिनदाराला थकबाकीवरच्या व्याजाचं प्रकरण अर्धं मराठीत आणि अर्धं इंग्रजीत मिळालं असतं, आणि कारण काय, तर एका मुलाने इंग्रजी शुद्ध केलं. डिफमध्ये यातलं काहीही दिसत नाही. डिफ फक्त इंग्रजी फाइल दाखवतो.

यावर उपाय जुना आहे. डेबियन या मुक्त कार्यप्रणालीच्या मंडळींमध्ये रिवाज आहे, की मूळ मजकुरात अर्थाला धक्का न लावणारी दुरुस्ती करणाऱ्यानेच सगळ्या भाषांच्या पीओ फायलींत मूळ वाक्य तसंच दुरुस्त करायचं आणि फझीचा शिक्का उतरवायचा. भाषांतरकारांवर ते काम ढकलायचं नाही. पीओ-फोर-ए या साधनसंचात त्यासाठी ‘एमएसजी-अनटायपॉट’ नावाचं खास हत्यारही आहे. आम्ही विद्यार्थ्याला ते दाखवलं आणि म्हटलं, इंग्रजी दुरुस्त्यांची वेगळी रिक्वेस्ट कर आणि तिच्यातच पीओ फायलीही दुरुस्त कर. मात्र अर्थ बदलला असेल तिथे शिक्का राहू दे.

हे ‘अर्थ बदलला असेल तिथे’ बोलायला सोपं आहे. कोणी ठरवायचं? आम्ही ठरवलं, की दुरुस्ती करणाऱ्याला आणि रिव्ह्यू करणाऱ्याला, दोघांनाही शंका नसेल तरच शिक्का उतरवायचा. एकालाही शंका असेल तर भाषांतरकाराकडे.

काकांची आणि त्या मुलाची शनिवारची बैठक

मराठीचा भाग स्क्रीनवर सुटेना म्हणून शनिवारी कर्वे रोडवरच्या एका सोसायटीच्या क्लब हाउसात बसलो. मुलगा कात्रजहून पीएमपीच्या बसने आला. काकांनी डिफ छापून आणला होता. लाल शाईचं पेनही.

फाइंड-रिप्लेसचे परिणाम आधी निघाले. एका पानावर ‘निधि’ असं ह्रस्व लिहिलं होतं. मराठीत एकटा शब्द ‘निधी’ असाच हवा, तेव्हा दुरुस्ती योग्यच. पण ती सगळ्या फायलींवर चालली होती. त्यामुळे ‘प्रतिनिधित्व’चं ‘प्रतिनिधीत्व’ झालं आणि ‘निधिवाटप’चं ‘निधीवाटप’. तत्सम शब्द समासात पहिला आला किंवा त्याला ‘त्व’ लागला की मुळातला ह्रस्व टिकतो आणि एकटा असताना शेवट दीर्घ होतो, हा नियम फाइंड-रिप्लेसला कोण सांगणार? काकांनी दोन्हींवर लाल गोल काढले. “यादी चालवायची असेल तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा आहे का ते बघ,” ते म्हणाले. छापखान्यात वाढलेल्या माणसाने रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (मजकूर शोधायच्या सूत्रांतली) शब्दसीमा इतक्या साध्या भाषेत सांगितलेली पाहून ताई हसल्या.

त्याहून गंभीर गोष्ट हिंदी फोल्डरमध्ये झाली होती. लिपी एकच, त्यामुळे बदल तिथेही पोचले. हिंदीत ‘निधि’ हेच बरोबर. आणि ‘कि’चं ‘की’ करताना तर वाक्यंच मोडली: मराठीत उभयान्वयी ‘की’ दीर्घ असतो, हिंदीत तो ‘कि’ आणि दीर्घ ‘की’ म्हणजे ‘ची’. कुठल्याही इंग्रजी तपासणी-साधनाला हे पकडता आलं नसतं. हिंदी फोल्डरचे सगळे बदल मागे घेतले, विनाचर्चा.

मग आली ती पानं, जिथे लाल ओळ आणि हिरवी ओळ यांत काहीच फरक दिसत नव्हता. छापील कागदावर तर नाहीच नाही. काका चिडले. “याने काय बदललंय? ‘दुसऱ्या’चं ‘दुसऱ्या’? आमच्या वेळी असं प्रूफ आणलं असतं तर...”

मुलाने लॅपटॉप फिरवला आणि टर्मिनलवर तोच डिफ दाखवला. जुन्या ओळीत र आणि य यांच्यामध्ये कोनी कंसात ‘यू+२००डी’ असं उमटलं होतं. झिरो-विड्थ जॉइनर: डोळ्यांना न दिसणारं अक्षर. ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एकात साधा ‘र’, हलन्त आणि हा अदृश्य सांधा. दुसऱ्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दिसायला एक, पण मशीनच्या लेखी दोन वेगळे शब्द. युनिकोडचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. ‘ॲप’चीही तीच गत. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये ५.१ या आवृत्तीत, २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीने अनेक जण ‘अ’वर अर्धचंद्र देतात. तेही दिसायला तसंच आणि शोधताना वेगळं.

“पण दिसतं तर सारखंच ना?” काका.

“दिसतं काका, पण सापडत नाही. शोधात ‘दुसऱ्या’ टाकून बघा.”

काकांनी टाकलं. पुस्तिकेतली निम्मी पानं आलीच नाहीत. काकांचा कीबोर्ड फोनेटिक (इंग्रजी उच्चारावरून मराठी उमटवणारा) होता आणि तो अदृश्य सांधा घालत होता. मॅन्युअलचं भाषांतर करणाऱ्यांचा इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड), तो ‘ऱ’ वापरतो. काकांची बाजूही समजण्यासारखी आहे. ते संगणकावर आले ते श्री-लिपीच्या काळात, पुण्यातच तयार झालेल्या सॉफ्टवेअरवर. त्या फॉन्टांमध्ये कागदावर अक्षर नीट उमटलं की काम झालं. मजकूर शोधता यावा ही अपेक्षाच नव्हती.

मला इथे लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्याची, आठवण झाली. पॅच (बदल) कसे पाठवावेत हे सांगणाऱ्या त्यांच्या दस्तऐवजात ‘क्षुल्लक’ पॅचांची एक यादी असायची. त्यात डॉक्युमेंटेशनमधल्या स्पेलिंग-दुरुस्त्या होत्या आणि शेजारी स्वतंत्रपणे अशा स्पेलिंग-दुरुस्त्या, ज्या चुकांमुळे ‘ग्रेप’ या शोधायच्या कमांडने शोधताना शब्द निसटेल. मुलाने केलेला हा अदृश्य बदल नेमका त्या जातीचा. आख्ख्या रिक्वेस्टमधला सर्वांत मौल्यवान बदल हाच, आणि वरवर पाहणाऱ्याने ‘काहीच बदललं नाही’ म्हणून हाच आधी नाकारला असता. तो आम्ही वेगळ्या कमिटमध्ये घेतला. शिवाय त्या कमिटचा क्रमांक गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या ‘ब्लेम’ कमांडसाठीच्या दुर्लक्ष-फाइलमध्ये टाकला, म्हणजे एखादी ओळ मुळात कोणी लिहिली हे पाहताना सगळीकडे याच मुलाचं नाव येणार नाही. गिटच्या २.२३ आवृत्तीपासून ही सोय आहे, फारशी कोणी वापरत नाही.

वादाचा खरा मुद्दा शेवटी राहिला. पुस्तिका काकांनी बोलल्यासारखी लिहिली आहे: ‘बिल तयार झालं की ते पाठवायचं’. मुलाने सगळीकडे ‘झाले’ आणि ‘पाठवायचे’ केलं होतं. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, अशा अठरा नियमांकडे बोट दाखवायचं तर बाजू मुलाची भक्कम होती. पात्राच्या तोंडच्या भाषेला ‘असं केलं’ची मुभा आहे, एरवी ‘असे केले’. काकांनी आयुष्यभर लोकांचं ‘केलं’ कापून ‘केले’ केलेलं, आणि आता तेच ‘केलं’साठी भांडत होते.

“खजिनदाराशी मी बोलतोय, नोटीस नाही काढत,” काका म्हणाले.

मुलगा लातूरकडचा. त्याने शांतपणे विचारलं, “काका, पुण्यात बोलतात तसं लिहिलं की ते बोलकं, आणि आमच्याकडं बोलतात तसं ‘करायलंय’ लिहिलं तर चालेल का?”

यावर कोणाकडेच तयार उत्तर नव्हतं. मला विचाराल तर पुस्तिकेत ‘केलं’ असावं (हा मजकूरही ‘केलं’मध्येच आहे). पण ती माझी आवड झाली, शुद्धलेखन नव्हे. रिव्ह्यूमध्ये एवढंच म्हणता येत होतं, की ही दुरुस्ती चुकीची दुरुस्ती नाही, ती शैलीची निवड आहे आणि टायपोच्या रिक्वेस्टमध्ये तिला जागा नाही. ते बदल बाजूला काढून वेगळा इश्यू (चर्चेची नोंद) उघडला.

हललेला ‘फक्त’

पुस्तिकेतलं एक वाक्य होतं: ‘प्रोग्राम एकूण रक्कम फक्त पूर्ण रुपयांत आणतो.’ मुलाने ते असं केलं: ‘प्रोग्राम फक्त एकूण रक्कम पूर्ण रुपयांत आणतो.’ वाचायला सरळ झालं. मी मान्य करूनही टाकलं असतं, पण काका अडले. ‘फक्त’ हलला की वाक्याची जबाबदारी हलते, असं त्यांचं म्हणणं. जुन्या वाक्याचा अर्थ: पैसे दाखवत नाही. नव्याचा अर्थ: बिलातल्या बाकीच्या बाबी, म्हणजे देखभाल, पाणी, पार्किंग, सिंकिंग फंड, पैशांसकट राहतात आणि बेरीज तेवढी पूर्णांकात येते.

खरं काय? ताईंनी तिथल्या तिथे कोड उघडला. प्रोग्राम प्रत्येक बाब आधी पूर्ण रुपयांत आणतो आणि मग बेरीज करतो. म्हणजे जुनं वाक्य अपुरं आणि नवं सरळ चुकीचं. एका बिलामागे एखाद्या रुपयाचा फरक, पण सोसायटीत दोनशे सदनिका असतील तर लेखापरीक्षक विचारतोच, आणि खजिनदार पुस्तिका दाखवतो. वाक्य नव्याने लिहिलं, उदाहरणाची चार आकड्यांची बेरीज घालून.

हे वाक्य कितीतरी काळ तिथे होतं. कोणी विचारलं नव्हतं, कारण कोणी हलवलं नव्हतं. व्याकरणाच्या दुरुस्तीला हरकत घेताना रिव्ह्यू करणारा बहुधा मूळ वाक्य बरोबर आहे असं धरून चालतो. इथे दोन्ही वाक्यं कोडसमोर उभी केली तेव्हाच निकाल लागला. तेव्हापासून ‘फक्त’, ‘सुद्धा’, ‘किमान’, ‘पर्यंत’ आणि नकार यांना हात लावणारी कोणतीही दुरुस्ती मी कोड उघडल्याशिवाय मान्य करत नाही, कितीही निरुपद्रवी दिसली तरी.

त्याला कसं कळवलं

शेकडो ओळींच्या रिक्वेस्टवर ओळीगणिक शेरे मारले असते तर पहिल्याच कामात तो मुलगा पळाला असता. म्हणून ओळींवर फारच थोडे शेरे ठेवले, प्रत्येक प्रकाराचा एक नमुना. बाकी सगळं एका उत्तरात: काय घेतलं, काय परत पाठवलं, काय वेगळं करायचं, आणि प्रत्येकाचं कारण. नाकारलेल्या बदलाचं कारण नाही लिहिलं तर पुढचा माणूस तोच बदल घेऊन येतो. एक-दोन अक्षरांच्या सरळ दुरुस्त्या मीच सुचवणीच्या बटणाने करून दिल्या, त्याला फेऱ्या कशाला मारायला लावायच्या?

एका बाबतीत तो मागे हटला नाही. कमिट फोडायला सांगितल्यावर म्हणाला, “एकाच रिक्वेस्टमध्ये पाच कमिट चालतील ना? पाच रिक्वेस्ट का?” ताईंचं म्हणणं होतं, की पीओ फायलींसह इंग्रजी दुरुस्त्या आज मर्ज होऊ शकतात आणि मराठीच्या अदृश्य अक्षरांची काकांकडून खात्री व्हायला वेळ लागेल. एकत्र बांधलं तर सोपं अवघडासाठी थांबतं. त्याला ते पटलं, पण स्पर्धेत संख्या वाढवायला मी हे करत नाहीये असं त्याने रिक्वेस्टमध्ये मुद्दाम लिहिलं. आमच्या प्रकल्पाने हॅक्टोबरफेस्टमध्ये नावच दिलेलं नव्हतं, त्यामुळे तशीही काही मोजली जाणार नव्हती. हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

इंग्रजी दुरुस्त्या पीओ फायलींसकट आधी गेल्या. शीर्षकं जुन्या खुणांसह त्यांच्या मागोमाग. ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ यांची एकवाक्यता दिवाळीनंतर झाली, आणि त्यासोबत मुलाने एक छोटी तपासणी लिहून दिली: मराठी फोल्डरमध्ये तो अदृश्य सांधा किंवा ‘अ’वरचा अर्धचंद्र आला की बिल्ड (पानं तयार होण्याची प्रक्रिया) थांबते आणि ओळ क्रमांक सांगते. पहिल्याच आठवड्यात ती दोनदा थांबली, दोन्ही वेळा काकांच्या मजकुरावर. काकांनी आता इन्स्क्रिप्ट शिकायला घेतला आहे. आयात स्तंभाची दोन्ही स्पेलिंगं चालतात. गळलेला ‘सी’ अजून गळलेलाच आहे.

‘केलं’ की ‘केले’चा इश्यू उघडाच आहे. त्यावर काकांची तीन लांबलचक उत्तरं आहेत, मुलाची दोन, आणि एका खजिनदारांचं एक ओळीचं: बिल कधी निघणार तेवढं ठळक अक्षरात लिहा.